गुलामगिरीविरोधी लेखनातले अश्रू: वाचकाला रडवायचं कसं, आणि रडवून हाती काय लागतं?

बोरू (धागाकर्ता)

अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टोवच्या 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीविरोधी कादंबरीचा विषय निघाला की 'रडकी कादंबरी आहे' म्हणून लोक मोकळे होतात. रडकी आहेच. पण ते रडणं बांधलंय कसं, हे फारसं कुणी उकलून बघत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात नवव्या प्रकरणापासून करतो, कारण सगळी कारागिरी तिथे एका घरात, एका रात्रीत दिसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ५ जून १८५१ ते १ एप्रिल १८५२ या काळात कादंबरी वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात क्रमशः आली. बॉस्टनच्या जॉन जुएटने २० मार्च १८५२ला ती दोन भागांत काढली, आणि पहिल्या वर्षात अमेरिकेत तीन लाखांच्या आसपास प्रती गेल्या. निमित्त होतं १८५०च्या कायद्याचं. पळून आलेल्या गुलामाला उत्तरेतल्या माणसाने आसरा दिला, तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

आता प्रकरण. ओहायोचा सिनेटर बर्ड असल्याच एका कायद्याच्या बाजूने बोलून, मत देऊन घरी आलाय. बायको विचारते, थंडीने कुडकुडणारा, उपाशी जीव दारात आला तर तुम्ही हाकलून द्याल का? तो देशहिताची भाषा बोलतो. वादात कुणीच जिंकत नाही, आणि हे मुद्दाम आहे. एवढ्यात केंटकीतून बर्फाच्या लाद्यांवरून नदी ओलांडून पळून आलेली गुलाम एलायझा स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेली सापडते, पाय रक्ताळलेले, सोबत लहान मुलगा. शुद्धीवर आल्यावर ती बर्डबाईंना एकच प्रश्न विचारते: बाई, तुमचं मूल कधी गेलंय का?

या प्रश्नात गुलामगिरी नाही, कायदा नाही. बर्डांचं मूल महिन्यापूर्वीच गेलंय, हे एलायझाला माहीत नाही, आपल्यालाही त्याच क्षणी कळतं. मग अश्रू क्रमाने पसरतात. मुलं रुमाल शोधतात, म्हातारी मोलकरीण डायना उघड रडते, नोकर कजो बाहीने डोळे पुसतो. सिनेटर राजकारणी माणूस, तो कसा रडणार? तो पाठ फिरवून खिडकीबाहेर बघतो, घसा साफ करतो, चष्मा पुसतो. स्टोव इथे गालातल्या गालात हसतेय, हे 'रडकी' म्हणणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं.

पुढे स्टोव लिहिते की तोवर 'पळालेला गुलाम' म्हणजे सिनेटरच्या लेखी त्या शब्दातली अक्षरं होती, फार तर वर्तमानपत्रातलं काठी-गाठोडं घेतलेल्या माणसाचं छोटं चित्र. आणि अश्रू आले की लगेच कृती: त्याच रात्री तो स्वतः चिखलातून बग्गी काढून तिला सुरक्षित ठिकाणी पोचवतो आणि तिच्यासाठी दहा डॉलरची नोट ठेवतो. निघण्याआधी बर्डबाई मेलेल्या मुलाचा खण उघडतात. त्यात छोटे कोट, मोज्यांच्या जोड्या, कागदात गुंडाळलेले, टोकाशी झिजलेले बूट, खेळण्यातला घोडा आणि गाडी, भोवरा, चेंडू. एकेक वस्तू मोजून. 'दुःखाचा डोंगर कोसळला' असलं वाक्य तिथे नाही. झिजलेला बूट आहे.

माझा मुद्दा एवढाच की भावुक शैली म्हणजे सैल शैली नव्हे. ती फसते कुठे, हे जाणकारांनी सांगावं.

आडवाट

चांगला धागा. पण हे तंत्र स्टोवने शोधलेलं नाही. तिच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षं इंग्लंडमध्ये हा कारखाना सुरू होता, आणि त्याचे दोषही तिथलेच.

१७६६मध्ये इग्नेशियस सँचोने कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नला पत्र लिहिलं. सँचो स्वतः गुलामीत जन्मलेला, तेव्हा एका सरदार घराण्यात नोकरीला. विनंती अशी की वेस्ट इंडीजमधल्या गुलामगिरीकडे तुमच्या लेखणीने अर्धा तास लक्ष द्यावं. स्टर्नने उत्तर दिलं की योगायोगाने मी एका अनाथ काळ्या मुलीची करुण कथाच लिहीत होतो. ती 'ट्रिस्ट्रम शँडी'च्या नवव्या खंडात (१७६७) आली. दुकानातली मुलगी काठीला पिसं बांधून माशा हाकलतेय, मारत नाहीये. किती कोमल हृदय! बास, विषय संपला. तिला कुणी विकत घेतलं, ती पळू शकते का, काही नाही. पहिला दोष इथेच दिसतो: पीडित माणूस कोमल असल्याचं प्रमाणपत्र मिळालं की वाचक समाधानी, आणि मुळात कोमल नसलेल्या गुलामाला दयेचा हक्कच उरत नाही.

(गंमत म्हणजे हाच सँचो पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान चालवत होता. चहा, साखर, तंबाखू. म्हणजे गुलामांनी पिकवलेला माल.)

दुसरा दोष १७८७च्या पदकात. जोसाया वेजवुडच्या चिनीमातीच्या कारखान्यात बनलेलं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी आकृती, एक गुडघा टेकलेला, साखळदंडातले हात जोडलेले, भोवती प्रश्न: मी माणूस आणि भाऊ नाही का? चळवळीतला कार्यकर्ता क्लार्कसन नोंदवतो की पुरुषांनी ते तपकिरीच्या डब्यांच्या झाकणावर सोन्यात बसवून घेतलं, बायकांनी बांगड्यांत आणि केसांच्या पिनांत. प्रचार म्हणून कमालीचं यशस्वी. पण प्रश्न विचारणारा गुडघ्यावर आहे, आणि उत्तर देणारा उभा आहे. मुक्ती म्हणजे वरून दिलेलं दान, हे त्या चित्रात पक्कं बसलंय.

टाकसाळ

अश्रूंवर सगळं श्रेय उधळू नका. त्याच चळवळीची दुसरी शाखा हिशेबाची होती आणि मला ती जास्त धारदार वाटते.

'ब्रुक्स' या गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा नकाशा घ्या. १७८८च्या अखेरीस गुलामव्यापारविरोधी प्लिमथ समितीने काढला, १७८९मध्ये लंडन समितीने सुधारला. लंडनच्या चित्रात ४८२ माणसं मांडलेली आहेत. पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा, मुलीला साडेचार फूट लांब आणि १ फूट रुंद. १७८८च्या नव्या नियमाने त्या जहाजाला ४५४ माणसं नेता येत होती, आणि त्याआधी त्यावरून ६०९ नेल्याची नोंद होती. म्हणजे चित्रात दिसतेय ती दाटी जुन्या खेपेपेक्षा सव्वाशेने कमी! चित्रात एकही चेहरा रडत नाही, कुणी मारत नाही, शीर्षकात विशेषण नाही. आणि ते बघून पोटात गोळा येतो.

विल्यम फॉक्सची १७९१ची साखरबंदीची पुस्तिका तर सरळ वाण्याच्या भाषेत बोलते. आठवड्याला ५ पौंड साखर आणि त्या प्रमाणात रम वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळते. गुणाकार करून बघा: साधारण ९१ आठवडे, म्हणजे ४५५ पौंड. आपल्या मापात दोन क्विंटल साखर म्हणजे एक माणूस. त्याच पुस्तिकेत आहे की प्रत्येक पौंड साखरेमागे आपण दोन औंस मानवी मांस खातो. हिशेब आणि किळस एका वाक्यात. इथे वाचक हळहळून सुटू शकत नाही, कारण साखरेचं भांडं समोर टेबलावर आहे.

आणि भावुकतेवरचा हल्लाही छावणीच्या आतूनच झाला. कवी कोलरिजने १७९५मध्ये ब्रिस्टलला गुलामव्यापारावर व्याख्यान दिलं, त्यातली बाई कादंबरीतल्या वेर्टरच्या दुःखावर अश्रू ढाळते आणि त्याच वेळी माणसाच्या रक्ताने गोड झालेलं पेय घुटके घेत पिते. हळवेपणा म्हणजे परोपकार नव्हे, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलंय.

तिरकस_ठोंब्या

टाकसाळ, हिशेबाची शाखाही गंगेत न्हालेली नाही हो. १८२०च्या दशकात इंग्लंडात साखरेची भांडी विकली जात, त्यावर लिहिलेलं: ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. आणि खाली गणित, सहा कुटुंबांनी ही साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल. सुंदर. पण १८३३चा मुक्तीचा कायदा झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला, आणि इथे गुलामीला कायद्याचं पाठबळ नाकारणारा पाचवा कायदा यायला १८४३ उजाडलं. भांड्यावरचं वाक्य वाचून गिऱ्हाइकाचं मन निवांत, इकडच्या दासीबटकींची दखल घेतोय कोण.

आणि त्याच १८३३च्या कायद्यात नुकसानभरपाई २ कोटी पौंड, मालकांना! सुटलेल्यांना एक पेनी नाही, वर काही वर्षांची सक्तीची 'उमेदवारी', ती १८३८मध्ये संपली. पन्नास वर्षं देशभर अश्रू ढाळून शेवटी हिशेब मालकाच्या खात्यावर जमा.

चाफेकळी

बोरू, बर्डच्या प्रसंगाइतकाच बाराव्या प्रकरणातला ल्यूसीचा प्रसंग बघायला हवा होता. बोटीवर हेली नावाचा दलाल तिचं साडेदहा महिन्यांचं मूल ४५ डॉलरला विकतो. गिऱ्हाईक ३० म्हणतं, हेली ५०, मधे तोडगा. आई क्षणभर बाजूला गेल्यावर मूल हलवलं जातं. रात्री ती पाण्यात उडी घेते. आणि मग स्टोव काय करते, तर हेलीला त्याची छोटी हिशेबवही उघडायला लावते. तो हरवलेला 'देह आणि आत्मा' नुकसानीच्या सदरात लिहून ठेवतो. टाकसाळ म्हणतात त्या दोन्ही शाखा इथे एकाच परिच्छेदात येतात. ल्यूसीच्या तोंडी विलाप नाही, ती जवळजवळ मुकी आहे. अश्रूंची जागा रोजकीर्दीतल्या नोंदीने घेतलीय.

जिथे स्टोव हे विसरते, तिथे पडते. टॉमच्या मालकाची मुलगी, छोटी ईव्हा, तिचा मृत्यू (प्रकरण २६) घ्या. केसांच्या बटा कापून सगळ्यांना वाटणं, स्वर्गाचं दर्शन, पानंच्या पानं. त्या मृत्यूला कुणी जबाबदार नाही, तो क्षयाने आलेला. त्यामुळे वाचकाने रडावं, डोळे पुसावेत, एवढंच उरतं. माझी साधी कसोटी: त्या पानावरच्या दुःखाला कुणाची सही, कुणाची पावती, कुणाचं मत कारण आहे का? नसेल तर ते दुःख प्रचाराला निरुपयोगी, फक्त चवीला.

शेवटच्या प्रकरणात स्टोव वाचकाला विचारते की एकटा माणूस काय करू शकतो, आणि उत्तर देते की निदान आपल्या भावना योग्य आहेत ना, एवढं तरी पाहू शकतो. लेखक जेम्स बॉल्डविनने १९४९च्या निबंधात या सगळ्या भावुकतेला अप्रामाणिकपणाची खूण म्हटलं ते उगाच नाही. १९८५मध्ये समीक्षक जेन टॉम्पकिन्सने उलट बाजू लढवली: ज्यांना मत नव्हतं, अशा बायकांच्या हाती सत्तेचं हेच साधन होतं. मला दोघंही पटतात, पण वेगवेगळ्या पानांवर.

आडवाट

अवांतर नाही, मुद्द्याचंच: पुरावा. स्टोववर 'सगळं रचलेलं' असा आरोप झाल्यावर तिने १८५३मध्ये कागदपत्रांचं वेगळं पुस्तक काढलं. पण त्या पद्धतीचा पाया गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता थिओडोर वेल्डने १८३९मध्येच घातला होता. अँजेलिना आणि सारा ग्रिमके या बहिणींनी त्याच्यासोबत दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांची हजारो पानं चाळून कात्रणं काढली. पळालेल्या गुलामांच्या जाहिरातीत मालक ओळख पटावी म्हणून स्वतःच लिहितो: गालावर डाग दिलेला, पाठीवर वळ, कान कापलेला. म्हणजे आरोपीचाच कबुलीजबाब, तोही पैसे भरून छापलेला. तिथे लेखकाने एक विशेषण घातलं असतं तरी पुरावा पातळ झाला असता.

पारंबी

आतापर्यंतची चर्चा गोऱ्या लेखकांभोवतीच फिरतेय. गुलामीतून आलेल्या लेखकांनी हे साधन वापरलं, पण ऐन वेळी हिसका देऊन.

फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन. आई-लेकराची ताटातूट म्हणजे भावुक शैलीचा हुकमी एक्का. तो लिहितो की आई रात्री बारा मैल चालून भेटायला यायची, सूर्योदयाआधी परत शेतावर. आता वाचक रुमाल काढतो. आणि पुढे: तिच्या मृत्यूची बातमी एखाद्या परक्याच्या मृत्यूसारखीच ऐकली. गुलामगिरीने रडण्याची सोयसुद्धा ठेवली नाही, हे त्याने न रडता सांगितलं. दुसरं उदाहरण, थंडीने पाय इतके फुटले होते की ज्या लेखणीने हे लिहितोय ती त्या भेगांत ठेवता येईल. लेखणी आणि जखम एकाच मापात. आणि ५ जुलै १८५२च्या रॉचेस्टरच्या भाषणात तो स्पष्ट म्हणतो की आता युक्तिवाद नको, भाजून काढणारा उपरोध हवा.

मेरी प्रिन्सचं १८३१चं कथन दुसऱ्याने लिहून घेतलेलं. लंडनमध्ये थॉमस प्रिंगल संपादक, सुझाना स्ट्रिकलंड लेखनिक. त्यात मुलींना लिलावाला नेताना आई म्हणते, माझी पिल्लं बाजाराला नेतेय. पण मला अस्वस्थ करते ती पुरवणी. बर्मिंगहॅमच्या महिला समितीने विचारणा केली की अंगावर खुणा खरंच आहेत का, म्हणून प्रिंगलच्या पत्नीने पाठ तपासल्याचं पत्र लिहून दिलं आणि ते पुढच्या आवृत्तीत छापलं. लिलावात अंग तपासलं गेलेल्या बाईचं अंग आता सहानुभूतीसाठी तपासलं गेलं. सदिच्छा होती, तरीही.

हॅरिएट जेकब्जच्या १८६१च्या पुस्तकात (लिंडा ब्रेंट या नावाने) हा सगळा झगडा उघड्यावर येतो. मालकाच्या छळातून सुटायला तिने दुसऱ्या गोऱ्या माणसाशी संबंध ठेवले. दहाव्या प्रकरणात ती सदाचारी वाचकाकडे दया आणि क्षमा मागते, अगदी गुडघा टेकलेल्या पदकासारखी. आणि लगेच उठून उभी राहते: गुलाम असणं म्हणजे काय हे तुम्हाला कधी कळलेलं नाही. थोडं पुढे निकालच देते की गुलाम बाईला इतरांच्या मापाने मोजू नये. तुझ्या जागी मी असते तर, ही भावुक शैलीची मूळ किल्ली. ती किल्ली जेकब्ज वाचकाच्या हातातून काढून घेते. पुढे लपण्याच्या पोटमाळ्याचं वर्णन: ९ फूट लांब, ७ फूट रुंद, सर्वांत उंच जागी ३ फूट. तिथे जवळजवळ सात वर्षं. शेवटही नेहमीच्या कादंबरीसारखा लग्नात होत नाही, आणि ती तसं बजावून सांगते.

नवशिका

पारंबी, ते 'किल्ली काढून घेणं' जरा सोडवून सांगाल का? दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्यात चूक काय?

पारंबी

चूक नेहमीच नाही, पण धोका ठरलेला आहे. ओहायोतला पाद्री जॉन रँकिन. भावाने व्हर्जिनियात गुलाम विकत घेतल्यावर त्याने भावाला पत्रं लिहिली, १८२६मध्ये पुस्तक झालं. त्यात तो कल्पना करतो की मीच गुलाम आहे, माझ्या बायकोला, मुलांना चाबकाने मारताहेत. हेतू निर्मळ. पण अभ्यासक सैदिया हार्टमनने १९९७मध्ये नेमकं बोट ठेवलं: त्या कल्पनेत काळं कुटुंब कुठे आहे? त्यांच्या जागी गोरं कुटुंब बसलं, तेव्हा कुठे वेदना खरी वाटली. म्हणूनच डग्लसच्या हेस्टर मावशीला फटके मारण्याचा प्रसंग हार्टमन उद्धृत करायलाच नकार देते. पुन्हा पुन्हा दाखवून तो तमाशा होतो.

संपादकांना हे तेव्हाही जाणवत होतं. जेकब्जच्या हस्तलिखितातली आसपासच्या मालकांची क्रूर कृत्यं लिडिया मारिया चाइल्डने एकाच प्रकरणात गोळा केली, ज्यांना सोसवत नाही त्यांना ते गाळून पुढे जाता यावं म्हणून. वाचकाची सोय झाली. पण क्रौर्य रोजच्या जगण्यातून उचलून एका कप्प्यात गेलं, हा त्याचा तोटा.

तिरकस_ठोंब्या

भवभूतीने करुण हाच एक रस म्हटलं खरं, पण आपल्या रसशास्त्रात रसिकाला आस्वाद घेऊन घरी जायचं असतं. बर्डच्या घरातल्या वाचकाला घरी जाऊन कायदा मोडायचाय. त्यामुळे 'रस उतरला का' हा प्रश्न इथे अपुरा.

चाफेकळी

ठोंब्या, +१. आणि आपल्याकडचं उदाहरण याच काळातलं आहे. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. 'ज्ञानोदय'मध्ये १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध छापून आला. 'ज्ञानोदय' अमेरिकन मराठी मिशनचं. तिने स्टोव वाचली होती असं मी म्हणत नाही. पण तंत्र बघा. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. थंडी, वारा, पावसात त्यांना किती दुःख होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती सांगते. हीच ती 'माझ्या जागी' ठेवण्याची हाक, आणि तीही छप्पर या एका ठोस वस्तूवर टेकलेली. पण ती तिथे थांबत नाही. वेदांवर मालकी सांगणाऱ्यांना तर्काने कोंडीत पकडते: वेद ब्राह्मणांचेच, तर आम्ही धर्मपुस्तकाविना, म्हणजे धर्मरहित. दया मागणाऱ्याला असा प्रश्न विचारता येत नाही.

टाकसाळ

आणि फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अर्पण केलीय अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना, पण आतली शैली त्यांची घेतलेली नाही. धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद, दशावतारांची उलटतपासणी, बोचरी थट्टा. गुडघा टेकलेली आकृती तिथे सापडणार नाही. डग्लसच्या उपरोधाच्या जवळचं आहे ते.

नवशिका

सगळं एकदम वाचणं होणार नाही. कुठून सुरुवात करू?

बोरू

मूळ इंग्रजी पुस्तकं हक्कमुक्त आहेत, नेटवर फुकट मिळतात. क्रम असा ठेवा. स्टोवचं प्रकरण ९ आणि १२, लगेच पाठोपाठ डग्लसची पहिली दोन प्रकरणं, म्हणजे आई-मुलाच्या ताटातुटीचे दोन तऱ्हेचे उपयोग शेजारी शेजारी दिसतील. मग जेकब्जचं १० आणि २१. मुक्ता साळवेंचा निबंध एका बैठकीत होतो, तो जेकब्जच्या दहाव्यानंतर लगेच वाचा. ईव्हाचा मृत्यू शेवटी, चाफेकळींची कसोटी हातात घेऊन.

एक काळजी घ्या: स्टोवचा टॉम नाटकांवरून ठरवू नका. १८५२पासूनच त्या कादंबरीची नाटकं झाली आणि पुढच्या काळात त्यांनी त्याला लाचार म्हातारा करून टाकलं. पुस्तकातला टॉम दुसऱ्या गुलामाला फटके मारायला नकार देतो, पळालेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही, आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. तो भाग प्रकरण ३३, ४० आणि ४१मध्ये आहे, संक्षिप्त आवृत्ती असेल तर ती तिन्ही प्रकरणं पूर्ण आहेत का ते आधी बघून घ्या.